फिरत्या चकतीवरचे दप्तर



आज बोलायचे आहे ते धातूच्या एका डबीविषयी. शाळेत, ग्रामपंचायतीत किंवा दूध सोसायटीत जो टेबलावरचा संगणक असतो, त्याची ती उभी पेटी, जिला सगळेजण सीपीयू म्हणतात, तिच्या पोटात ही डबी स्क्रूने घट्ट बसवलेली असते. लांबी १४७ मिलिमीटर, रुंदी सुमारे १०२, जाडी २६. खिशातल्या रोजनिशीहून थोडी मोठी, पण हातात घेतली तर चांगली वजनदार. तिचे नाव हार्ड डिस्क. संगणकाचे सारे दप्तर बहुधा हिच्यातच असते.

दप्तर हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. शाळेचे जनरल रजिस्टर तुम्ही पाहिलेच असेल. साठ वर्षांपूर्वी शाळा सोडलेला मनुष्य, नाही तर त्याचा नातू, एके दिवशी दारात येऊन उभा राहतो आणि म्हणतो, “गुरुजी, जन्मतारखेचा दाखला पाहिजे होता.” कुणाचे पेन्शन, कुणाच्या जातीचा पुरावा त्या एका ओळीवर अवलंबून असतो. आता पुष्कळ शाळांनी ही जुनी पाने संगणकात उतरवली आहेत. त्याच्याच शेजारी मुलांचे फोटो, गुणपत्रके आणि गावातल्या आजीबाईंच्या मोबाईलवर टिपून घेतलेल्या ओव्याही आहेत. हे सगळे ज्या वस्तूच्या स्वाधीन केले, ती वस्तू आहे तरी कशी, हे आपल्याला ठाऊक नको काय?

तालुक्याच्या दुकानात काय होते बघा. दुकानदार म्हणतो, “गुरुजी, ही घ्या. एक टीबी आहे, सात हजार दोनशे आहे, सहा जीबीचं स्पीड आहे.” गुरुजी मान डोलावतात आणि पैसे मोजतात. ह्या आकड्यांचा अर्थ समजून मान डोलावावी, एवढ्याचसाठी आजचे हे भाषण.

आधी डबीच्या आत काय आहे ते पाहू. आत एक किंवा अधिक गोल, आरशासारख्या लखलखीत चकत्या असतात. त्या ॲल्युमिनियमच्या किंवा काचेच्या केलेल्या असून त्यांच्यावर चुंबकीय धातूचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. मध्यभागी मोटार असते, ती चकती गरगर फिरवते. चकतीच्या पृष्ठभागावर एक बारीक हात पुढेमागे सरकतो आणि त्याच्या टोकाला ‘हेड’ असते. टेपरेकॉर्डरचे हेड ज्यांनी कापसाने पुसले आहे, त्यांना हा शब्द नवा नाही. तत्त्वही तेच. हेड चकतीवर बारीक बारीक ठिकाणी चुंबकत्व उमटवते आणि पुढे तेच वाचून दाखवते. चुंबकाची दिशा एका बाजूला की दुसऱ्या बाजूला, एवढ्या दोन खुणांवर सारा कारभार चालतो.

ग्रामोफोनच्या तबकडीची आठवण झाली ना? पण फरक ध्यानात घ्या. तबकडीवर एकच लांबलचक चर गोगलगायीच्या शंखासारखी आत आत जाते. हार्ड डिस्कवर मात्र एकात एक अशी लाखो स्वतंत्र वर्तुळे असतात. प्रत्येक वर्तुळाचे खण पाडलेले असतात आणि आजकालच्या चकतीत अशा एका खणात ४०९६ बाइट मावतात. दुसरा फरक असा की, ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते. इथे हेड चकतीला टेकत नाही. फिरत्या चकतीबरोबर जी हवा ओढली जाते, तिच्या गादीवर ते तरंगते. ही उंची किती? केवळ काही नॅनोमीटर. आपल्या डोक्यावरच्या केसाच्या जाडीचे दहा हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढी समजा. धुळीचा कण ह्या फटीपुढे डोंगरासारखा. म्हणूनच डबी कधी उघडायची नसते.

आणि हा हात हलतो कशाने? तुम्ही आता माझा आवाज ज्या कर्ण्यातून ऐकत आहात, त्यातही तीच युक्ती आहे, बरं का. चुंबकाजवळ तारेचे वेटोळे ठेवायचे आणि त्यातून वीज सोडायची. कर्ण्यात वेटोळे कागदी पडदा हलवते, हार्ड डिस्कमध्ये ते हात हलवते.

ह्या यंत्राचा जन्म १९५६ सालचा. त्या वर्षीच्या सप्टेंबरात अमेरिकेतील आय.बी.एम. कंपनीने ‘रॅमॅक’ नावाचा संगणक जाहीर केला. त्याच्या साठवणयंत्रात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या होत्या, त्या मिनिटाला १२०० फेरे घेत, आणि यंत्राचे वजन टनाच्या वर होते. त्यात मावत किती? सुमारे ५० लाख अक्षरे. आज त्याच्या जवळजवळ दोन लाख पट मजकूर अर्ध्या किलोच्या आतल्या डबीत मावतो.

आता आकड्यांकडे वळू. उदाहरण म्हणून बाजारात फार दिवस चाललेली एक साधी हार्ड डिस्क घेतो. वेस्टर्न डिजिटल कंपनीची, निळ्या पट्टीची, डब्ल्यूडी १० ईझेडईएक्स ह्या क्रमांकाची. ही तिची जाहिरात नव्हे. तिचे गुणविशेष सर्वसाधारण आहेत, म्हणून निवडली. दुसऱ्या कंपन्यांच्या चिठ्ठ्याही अशाच वाचायच्या.

पहिला आकडा धारणशक्तीचा. चिठ्ठीवर लिहिलेले असते १ टीबी, म्हणजे टेराबाइट. एकावर बारा शून्ये, एक लाख कोटी बाइट. आपल्या देवनागरी लिपीतली प्रत्येक खूण, मग ती अक्षराची असो की काना-मात्रेची, संगणकात बहुधा ३ बाइट घेते. एका पानावर दोन हजार खुणा धरल्या तर पानाला ६ हजार बाइट झाले. म्हणजे ह्या एका डबीत सोळा कोटींहून अधिक पाने मावतील! आवाजाचा हिशेब पाहिजे असेल तर तोही सांगतो. नेहमीच्या एमपीथ्री पद्धतीत मध्यम प्रतीचा एक तासाचा आवाज सुमारे ५८ मेगाबाइट घेतो. तेव्हा १ टीबीत सतरा हजार तास बसतात. आकाशवाणीने रात्रंदिवस अखंड कार्यक्रम केला तरी जवळजवळ दोन वर्षे पुरेल.

पण गंमत अशी की, हीच हार्ड डिस्क संगणकाला जोडली म्हणजे पडद्यावर १००० ऐवजी ९३१ जीबी दिसतात. “उरलेले ६९ कुठं गेले? दुकानदारानं फसवलं!” असे पुष्कळांना वाटते. त्याने फसवलेले नाही. कंपनी हजाराच्या पटीने मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीने. जसा आपल्याकडे मापी शेर निराळा आणि वजनी शेर निराळा, तसेच हे. धान्य तेवढेच, माप बदलले. हे गणित फळ्यावर करून दाखवण्यासारखे आहे. एकावर बारा शून्ये लिहा आणि १०२४ ने तीनदा भागा.

दुसरा आकडा फेऱ्यांचा, ७२००. चकती मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. चकतीचा व्यास साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास, तेव्हा परीघ तीस सेंटिमीटर. ह्याचा अर्थ कडेचा बिंदू सेकंदाला ३६ मीटर धावतो, तासाला सुमारे १२९ किलोमीटर! धावत्या एस.टी.च्या दुपटीने. आणि त्यावर ते हेड नॅनोमीटरांच्या उंचीवर तरंगते आहे.

फेऱ्यांना महत्त्व का? पाहिजे तो मजकूर हेडखाली फिरून येईपर्यंत थांबावे लागते म्हणून. ७२०० च्या चकतीत एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा, म्हणून सरासरी थांबणे त्याच्या निम्मे, ४.२. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. ५४०० फेऱ्यांच्या चकतीत हेच थांबणे ५.६ होते. शिवाय हाताला योग्य वर्तुळावर जायला ह्या जातीच्या यंत्रात सरासरी ८ ते १० मिलिसेकंद लागतात. दोन्ही मिळून एका शोधाला सुमारे १३ मिलिसेकंद झाले, म्हणजे सेकंदाला फार तर पाऊणशे शोध. म्हणून एक मोठा चित्रपट झपाट्याने उतरतो आणि पाच हजार बारीक बारीक फायली मात्र रेंगाळतात. त्यांच्या नुसत्या शोधाशोधीतच मिनिटाहून अधिक वेळ जातो. यंत्र आळशी झालेले नाही, त्याला धावाधाव फार पडते.

तिसरा आकडा ६४ मेगाबाइटचा. ह्याला बफर किंवा कॅश म्हणतात. बाजारातून गाडी आली की पोती आधी ओसरीवर उतरवतो आणि मग सवडीने आत कोठारात रचतो ना, तशी ही ओसरी. आलेला मजकूर क्षणभर इथे थांबतो, मग चकतीवर जातो. पण पोती ओसरीवर असतानाच पाऊस आला तर? तीच गत वीज गेल्यावर होते. बफरमधले, अजून चकतीवर न उतरलेले, ते सारे जाते.

चौथा आकडा दुकानदाराच्या ‘सहा जीबीच्या स्पीड’चा. हा आकडा खरा असूनही सगळ्यांत जास्त घोटाळ्यात पाडणारा. हार्ड डिस्कपासून संगणकापर्यंत जी चपटी केबल जाते, त्या जोडणीला साटा म्हणतात. तिची तिसरी आवृत्ती २००९ साली आली. ती सेकंदाला ६ गिगाबिट वाहून नेते. बिट, बाइट नव्हे! आठ बिटांचा एक बाइट, त्यावर दोन बिट वाहतुकीच्या खर्चाचे, असे दहा धरले म्हणजे ६०० मेगाबाइट होतात. पण हा झाला रस्ता. आपल्या चकतीवरून मजकूर निघतो तो कंपनीच्याच माहितीपत्रकाप्रमाणे सेकंदाला फार तर १५० मेगाबाइट. रस्ता चौपदरी केला म्हणून बैलगाडी काही पळू लागत नाही. हा वेगही चकतीच्या बाहेरच्या कडेवरचा. आतल्या लहान वर्तुळांवर एका फेऱ्यात कमी खण येतात, म्हणून तो घटत घटत निम्म्यापर्यंत येतो. सबंध १ टीबी वाचायला दोन तासांहून बराच अधिक वेळ लागतो, तो ह्यामुळे.

पाचवा आकडा विजेचा. चिठ्ठीवर ५ व्होल्ट आणि १२ व्होल्ट असे दोन दाब लिहिलेले असतात. पाचावर सर्किट चालते, बारावर मोटार. चालताना ही हार्ड डिस्क सहा-सात वॉटच खाते, पण थांबलेली चकती प्रथम फिरवताना मोटार क्षणभर २ अँपिअरच्या वर ओढते. पेटीतला पॉवर सप्लाय हलका असला तर संगणक सुरू होताना अडखळतो, त्याचे एक कारण हे. वीज एकाएकी गेली तर हेड चकतीवर आदळत नाही काय? नाही. इथे एक सुरेख योजना आहे. चकती आपल्या वेगाने आणखी थोडा वेळ फिरतच असते, तेवढ्यात तिची मोटारच जनित्र बनते आणि त्या विजेवर हात हेडला सुखरूप बाजूच्या जागेवर नेऊन ठेवतो. हेड वाचते, पण ओसरीवरचा मजकूर वाचत नाही. म्हणून संगणकाला यूपीएस असावाच, आणि वीज गेल्यावर त्याने ओरडायला सुरुवात केली की काम जपून संगणक बंद करावा. “आत्ता येईल लाइट” म्हणून वाट पाहू नये.

ह्याखेरीज एक गोष्ट चिठ्ठीवर बहुधा नसते, ती विचारून घ्यावी. काही हार्ड डिस्कमध्ये वर्तुळे एकमेकांवर थोडी चढवून लिहिलेली असतात, अगदी घरावरच्या कौलांसारखी. त्यामुळे जागा वाचते आणि वस्तू स्वस्त पडते. परंतु मधले एक कौल बदलायचे तर शेजारची चार उचलावी लागतात. तसेच इथे जुन्या मजकुरात फेरफार करताना शेजारचाही पुन्हा लिहावा लागतो आणि काम मंदावते. एकदा भरून ठेवायच्या दप्तराला ही चालते. रोज शेकडो बदल होणाऱ्या कामाला साधी बरी. तेव्हा दुकानात विचारा, “ही एसएमआर आहे की सीएमआर?” एसएमआर म्हणजे कौलांची, सीएमआर म्हणजे साधी. २०२० साली ह्यावरून बराच बोभाटा झाला, कारण काही हार्ड डिस्क कौलांच्या असल्याचे गिऱ्हाइकांना सांगितलेच नव्हते. त्यानंतर कंपन्यांनी याद्या प्रसिद्ध केल्या. आपण घेतलेल्या उदाहरणातली सीएमआर आहे. आणि बफरचा आकडा मोठा दिसला म्हणून हुरळू नका. कौलांच्या हार्ड डिस्कला पुष्कळदा ओसरीच मोठी लागते.

आता निगा. माहितीपत्रकात आणखी दोन आकडे सापडतील. हार्ड डिस्क बंद असताना गुरुत्वाच्या ३५० पटींचा क्षणिक धक्का सोसते, पण लिहीत असताना फक्त ३० पटींचा. ह्याचा साधा अर्थ असा की, चालू संगणक टेबलावरून सरकवू नये, त्याला पाय लावू नये, आणि झाडलोट करताना आधी तो बंद करावा. उष्णतेची मर्यादा ६० अंश सेल्सिअस. चैत्र-वैशाखात पत्र्याच्या खोलीत, पंख्याच्या जाळीवर धूळ बसलेली असताना, पेटीच्या आत किती तापते ह्याचा विचार करा. जाळी महिन्यातून एकदा साफ केली म्हणजे पुष्कळ झाले. अशा हवेवर चालणाऱ्या डबीवर एक बारीक भोक असते, आत गाळणी असते. आतबाहेरच्या हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते ठेवलेले आहे. त्यावर चिकटपट्टी लावू नये.

आणि आता मुख्य मुद्दा, श्रोतेहो. एवढे सगळे आकडे चिठ्ठीवर असतात, पण एक आकडा कुठेही छापलेला नसतो. ही हार्ड डिस्क बंद कधी पडणार? ती फिरणारी वस्तू आहे, आणि जे फिरते ते झिजते. कुणाची दहा वर्षे चालते, कुणाची दुसऱ्याच वर्षी थांबते. हमीपत्र दिले असेल तर कंपनी दुसरी डबी देईल, आतले दप्तर देणार नाही. कागदाची वही आधी पिवळी पडते, कडा झडतात, वाळवीची माती दिसते. ती हाका मारून सांगते. हार्ड डिस्क मात्र पुष्कळदा सकाळी चालू आणि दुपारी मुकी होते.

थोड्या खुणा असतात. टक्-टक् असा ठेक्याचा आवाज येणे, रोजची फाइल उघडायला फार वेळ घेणे, किंवा उघडतच नाही असे होणे. शिवाय हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. फुकट मिळणाऱ्या साध्या प्रोग्रॅममधून ती वाचता येते. नासलेले खण सोडून त्यांच्याऐवजी राखीव खण वापरले, तर त्यांची संख्या तिथे दिसते. ती वाढत चालली की समजा, पाहुणा निघण्याच्या तयारीत आहे. अशा वेळी नवीन काही लिहू नका, आधी महत्त्वाचे ते दुसरीकडे उतरवून घ्या. डबी ठोकू नका, उघडू तर मुळीच नका.

कुणी म्हणेल, “आता एसएसडी निघालीय की! तिच्यात फिरायला काहीच नाही.” खरे आहे. एसएसडी चिपांची बनलेली असते, शोधाला वेळ जवळजवळ लागत नाही, धक्क्याची भीती कमी. संगणक लवकर सुरू व्हावा म्हणून तीच घ्यावी. पण मोठ्या साठवणीला, तेवढ्याच पैशांत फिरती चकती अधिक जागा देते. आणि बंद पडणे दोघींनाही चुकलेले नाही. एसएसडी तर आवाजही न करता जाते.

तेव्हा उपाय वस्तूत नाही, रीतीत आहे. शेतकरी सगळे बियाणे एकाच कणगीत ठेवत नाही. मजकुराच्या तीन प्रती कराव्या. त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी असावी. शेवटची अट सोडू नका. २०१९ च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापूरकडे महापूर आला. अशा पाण्यात टेबलावरचा संगणक आणि शेजारच्या कपाटातली प्रत दोन्ही एकदमच बुडतात. एक प्रत केंद्रशाळेत द्या, नाही तर इंटरनेटवरच्या साठवणीत ठेवा. आणि ठेवलेली प्रत उघडून पाहा. वर्षातून दोनदा, पोळ्याला आणि होळीला म्हणा, म्हणजे विसरणार नाही. न उघडलेल्या प्रतीचा भरवसा धरू नये. कागदाचे मूळ रजिस्टरही संगणक आला म्हणून टाकून देऊ नये. ते चौथे आणि सर्वांत जुने.

शिक्षकांना एक विनंती करतो. संपूर्ण मेलेली, आत काही उरले नाही अशी एखादी हार्ड डिस्क तालुक्याच्या दुरुस्तीच्या दुकानातून मागून आणा. तारेच्या आकाराच्या पेचकसाने तिचे स्क्रू काढा आणि मुलांपुढे उघडा. चकती काचेची असली तर फुटू शकते, म्हणून ती तुम्हीच हाताळा. आतले दोन चुंबकही फार जोरकस असतात, त्यात बोटे सापडू देऊ नका. मग मुलांना ती आरशासारखी चकती दाखवा, हात बोटाने हलवू द्या, मिनिटाला ७२०० फेऱ्यांचे गणित करायला लावा. विज्ञान, गणित आणि हस्तव्यवसाय, तिन्ही तास एकाच डबीत निघतील.

आणि मुले घरी जाताना त्यांना विचारा, “आपल्या शाळेच्या रजिस्टरची दुसरी प्रत कुठे आहे?” उत्तर वर्गातल्या प्रत्येकाला सांगता आले पाहिजे.